डोळ्यांनी पाहिलेलं वाक्य

४ ऑक्टोबर, सकाळी

बारके,

तो आला आहे.

आधी इकडचं तिकडचं लिहून मग हळूच सांगायचं ठरवलं होतं. त्या नादात चारपाच कागद फाडले. तेव्हा सरळच लिहून टाकते. तुझ्या दारात नाही, माझ्या दारात आलाय. खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

सोमवारी संध्याकाळी वर्ग भरत होता. शिंपीणबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखालची जागा पकडून बसल्या होत्या. टॅक्सीवाला गाडी कुठे लावावी म्हणून खालून ओरडत होता. मी फळ्यावर तारीख घालत होते. पाठीमागून आवाज आला, "आत येऊ का, बाई?" त्या आवाजाने माझ्या हातातला खडू मोडला. मागे वळायच्या आधीच मला कळलं होतं.

तुझा नवरा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चकचकीत बूट. बूट दारात काढून जोडीने नीट भिंतीला लावून ठेवले. सगळ्यांना नमस्कार केला. म्हणाला, "दुकानात आता परदेशी गिऱ्हाईक येतं. इंग्रजी कच्चं आहे माझं. तुमच्या वर्गाचं नाव फार ऐकलं." मला ताई म्हणाला नाही, बाई म्हणाला. जसा काही आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय. आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बसला.

तू म्हणशील, हाकलून का नाही दिलंस? अगं, माझी दातखीळ बसली होती. शिवाय सगळ्यांसमोर काय सांगणार? "ह्याने माझ्या बहिणीचं मनगट दारात घालून मोडलं"? म्हणजे बहीण आहे हे आलं, ती कुठेतरी आहे हेही आलं. काल सकाळी चौकीवर गेले. तिथला माणूस चहा ढवळत म्हणाला, "बाई, इंग्रजी शिकणं हा गुन्हा आहे का?" त्याच्या कपात तो चमचा टणटण वाजत राहिला आणि मी परत आले.

पण येताना एक गोष्ट सुचली, ती तुला सांगते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा ते सात, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असेल. तो माझ्या खुर्चीत बसलेला असेल तोवर तुझ्या जिन्यात नसेल. म्हणून त्याचं नाव पटावर घातलं.

फोन करत नाही, कारण तुला माहीत आहे. फोन दुरुस्त करणाऱ्याच्या तावडीतून सुटलेल्या बाईने फोनच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. मागच्या वेळी त्याने तुला तसंच शोधलं होतं. हे पत्र औषधवाल्या मावशींच्या खोक्यातून, गुरुवारच्या गाडीने येईल, नेहमीसारखं. आईने आयुष्यात एक मैत्रीण केली, पण काय मैत्रीण केली!

नवीन सत्राला शेपट्यांपासून सुरुवात केली आहे. बाबांच्या लाडक्या शेपट्या. इंग्रजी शब्दाला मागे काय चिकटतं, ते कुठून आलं, त्याचा मूळ अर्थ काय. सोमवारी 'ली' घेतली. फ्रेंडली, मदरली. मी सांगितलं, ही जुन्या इंग्रजीतल्या 'लीक' शब्दापासून आली, आणि लीक म्हणजे शरीर. फ्रेंडली म्हणजे मित्राचं शरीर असलेला, मित्राच्या रूपातला. बोलता बोलता नजर त्याच्याकडे गेली. तो मान हलवत होता, अगदी फ्रेंडली.

तू घाबरू नकोस. मी घाबरते आहे ना, तेवढं पुरे आहे दोघींना.

तुझी ताई

ता. क. फळ्यावर घालायला तुझी वाक्यं पाठवत राहा. मागच्या पत्रातली झकास होती.


११ ऑक्टोबर, दुपारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. "ताई, मला भीती वाटत नाही" असं तू लिहिलंस, पण अक्षर ओळ सोडून खाली घसरलंय. मी मास्तरीण आहे, मला फसवू नकोस.

इथली हालहवाल. हा माणूस वर्गात सगळ्यांचा लाडका झालाय. शुक्रवारी येताना खडूची पेटी घेऊन आला. पंखा कुरकुरत होता तो खुर्चीवर चढून नीट केला. शिंपीणबाई म्हणाल्या, "अशी माणसं आता राहिली नाहीत हो." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. टॅक्सीवाला त्याला "साहेब" म्हणतो. साहेब हसतो. हसताना त्याचे डोळे जागचे हलत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं!

त्याने माझ्या घरातली कुठलीही वस्तू उचकली नाही, एक प्रश्न वाकडा विचारला नाही. तुझं नाव नाही. वहीसुद्धा आणत नाही. हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसतो. बाकीचे खाली माना घालून उतरवून घेतात, हा एकटा मान वर करून. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटावं आणि दिवा लावला की कुणीच नसावं, तसं रोज वाटतं मला. पण तो असतो. दिव्याखालीच असतो.

शिकवणं मात्र रंगात आलंय. बुधवारी 'लेस' घेतली. सगळे म्हणाले, लेस म्हणजे कमी. नाही म्हटलं, ते लेस वेगळं. हे जुन्या 'लेआस'पासून आलं. लेआस म्हणजे मोकळा, सुटलेला. फिअरलेस म्हणजे भीती कमी असलेला नव्हे, भीतीपासून सुटलेला. शिंपीणबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "असं कुणी असतं का हो?" सगळे हसले.

मग वाक्य. बाबांचा नियम मी अजून मोडलेला नाही: प्रत्येक शेपटीला एक वाक्य, आणि ते डोळ्यांनी पाहिलेलं. पुस्तकातलं नको, मनातलं नको. "पाहिलं नाहीस तर लिहू नकोस," असं म्हणून बाबा आपल्या पाट्या पुसायचे, आठवतं? पण मी काय पाहते गं? ओटा, फळा, समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे. म्हणून तुझी वाक्यं घालते. 'लेस'ला तुझं घातलं: खिडकीखालची गल्ली ट्रीलेस आहे. 'वर्ड' म्हणजे वळलेला, त्या दिशेला तोंड केलेला. तिथे तुझ्या बोटी घातल्या, पहाटे सीवर्ड जाणाऱ्या. 'इश'ला काचेच्या कारखान्याचा यलोइश धूर. 'फुल'ला चादरींच्या बास्केटफुलने वाकलेली, तुझ्या खोलीखालची लॉन्ड्रीवाली बाई. सांगते, "माझी एक मैत्रीण आहे, तिने पाहिलेलं." सगळ्यांना फार आवडतात. आणि खरं सांगू? तुझं वाक्य फळ्यावर माझ्या अक्षरात उमटलं की तू खोलीत आल्यासारखं वाटतं. तेवढाच एक तास मला एकटं वाटत नाही.

'शिप'साठी एखादं पाठव. जहाज नव्हे, शहाणे! घडण या अर्थाचं शेपूट. फ्रेंडशिप, हार्डशिप.

तुझी ताई


१७ ऑक्टोबर, सकाळी

बारके,

मी काय करून बसले गं!

घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. काल सोमवार. मी 'शिप' घेतली आणि तू पाठवलेलं वाक्य लिहिलं, काचेच्या कारखान्यातल्या त्या दोन म्हाताऱ्या कामगारांच्या फ्रेंडशिपचं, एकाच डब्यातून जेवतात ते. शिंपीणबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या मैत्रिणीचं गाव आता मला तोंडपाठ झालंय. डोळे मिटून फिरेन मी तिथे." आणि टॅक्सीवाला म्हणाला, "बंदर आणि काचेचा कारखाना एकाच ठिकाणी? म्हणजे..." आणि त्याने गावाचं नाव घेतलं.

तुझ्या गावाचं, बारके. बरोबर घेतलं. भाडं घेऊन गेला होता म्हणे कधीतरी.

मी शेवटच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. तो फळ्याकडे बघत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने फळ्यावरून नजर काढली होती. खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे बघत होता, पोटभर जेवून उठल्यावर माणूस बघतो ना, तसा.

मी घाईघाईने म्हटलं, "छे हो, ती तिथे नसते. ती डोंगरात असते. बर्फ पडतो तिथे." आणि फळा पुसला. बंदर आणि बर्फाचा डोंगर! टॅक्सीवाला खो खो हसला. मला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही आणि ते शिकायला हीच वेळ मिळाली.

वहीत लिहून घेत नव्हता तो. त्याला लिहायची गरजच नव्हती. मीच मोठ्या अक्षरात लिहून देत होते, रोज एक वाक्य, अधोरेखित करून. बाबांचा नियम पाळत होते मी! मला जोडे मार.

आज औषधवाल्या मावशींकडे जाऊन आले. गाडी गुरुवारीच जाते, पण हे पत्र त्या आज एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवताहेत. वाचलंस की पिशवी भर आणि नीघ. लॉन्ड्रीवाल्या बाईंना खरं सांगून टाक. कुठे जातेस ते मला कळवू नकोस. कुणालाच कळवू नकोस, मला तर नाहीच.

ताई


२३ ऑक्टोबर, दुपारी

बारके,

तुझं उत्तर आत्ता वाचलं. दोनदा वाचलं. मग मावशींच्या दुकानातच, गोळ्यांच्या बरण्यांसमोर रडले. मावशींनी शटर अर्धं ओढून घेतलं.

"पळून पळून दमले, ताई. इथे फळीवर माझ्या नावाचा कप आहे. खिडकी माझी आहे. आता त्यालाच येऊ दे." कप! अगं कप फुटतो. कप दुसरा मिळतो. मी तुला शंभर कप घेऊन देईन, प्रत्येकावर तुझं नाव घालून देईन. त्या दिवशी दवाखान्यात तुझ्या हाताला प्लास्टर घालत होते आणि तू मला विचारत होतीस, "माझंच काही चुकलं का?" तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. तुला दमायला झालंय हे मला कळतं. पण दमलेली जिवंत बहीण मला चालेल. शूर बहीण नको.

इकडची गोष्ट अशी, की मी खोटी वाक्यं लिहायला लागले आहे. 'नेस'ला डोंगराची स्टीपनेस, 'लेट'ला लहानसा झरा, स्ट्रीमलेट. लिहिताना कानशिलं तापतात. तो ऐकून घेतो. शुक्रवारी म्हणाला, "बाई, तुमच्या मैत्रिणीने गाव बदललं वाटतं?" आवाजात मध नुसता. वर्ग हसला. मीही हसले, काय करणार!

आणि आज सोमवार. मघाशी त्याचा निरोप आला, पोट बिघडलंय, आज येत नाही. म्हणजे आज सहा वाजता तो माझ्या डोळ्यांसमोर नसेल. मावशी म्हणतात, पोट खरंच बिघडलं असेल. हे पत्र त्यांच्या त्या ओळखीच्या माणसाबरोबर आजच पाठवते आहे.

हात जोडते, नीघ तिथून.

ताई


२६ ऑक्टोबर, सकाळी

बारके,

हे पत्र तुला कुठे मिळेल मला माहीत नाही. मावशी म्हणाल्या, "लिही, मी पोचवते," म्हणून लिहिते आहे. काल संध्याकाळी काय झालं ते तुला कळायला हवं. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं मी सांगते.

तो आला. वेळेवर. बूट जोडीने भिंतीला लावले. पण बरोबर एक पिशवी होती, लहान, प्रवासाची. ती पायाशी ठेवली. म्हणाला, "बाई, आज जरा वेळेवर सोडा. साडेसातची बस गाठायचीय." कुठली बस ते मी विचारलं नाही. त्या वेळेला त्या बाजूला जाणारी एकच बस आहे आणि ती दोन तासांत तुझ्या बंदरावर पोचते.

मी ठरवलं होतं की काल उजळणी घ्यायची. प्रत्येकाने एक शेपटी उचलायची आणि स्वतः पाहिलेलं वाक्य सांगायचं. टॅक्सीवाल्याने 'एर' उचलली आणि त्याच्या गाडीत झोपलेल्या प्रवाशाचं, पॅसेंजरचं वाक्य केलं. शिंपीणबाईंनी 'लेस' घेतली, बिनबाह्यांचा झगा, स्लीव्हलेस. मग त्याने हात वर केला. आजवर कधी केला नव्हता.

"मी पण 'लेस'च घेतो," म्हणाला. आणि उभं राहून, हळूहळू, एक चूक न करता इंग्रजीत वाक्य सांगितलं. त्याचा अर्थ असा: लॉन्ड्रीच्या हिरव्या दारावर एक घंटा आहे, आणि ती टंगलेस आहे. तिला जीभ नाही.

वर्गात कुणालाच काही कळलं नाही. शिंपीणबाई "वा!" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुठे पाहिलंत?" माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. तो म्हणाला, "सोमवारी. पण सोमवारी बंद असते ना लॉन्ड्री. तुमचाच नियम आहे, बाई. डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं." आणि बसला.

तू मला दाराचा रंग कधी कळवला नव्हतास. घंटेचं तर नाहीच. तो तुझ्या दारात उभा राहून आला होता, बारके. आणि मला ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडलं नव्हतं.

घड्याळ बघितलं, साडेसहाला आलं होतं. मी म्हटलं, "शिंपीणबाई, माझं डोकं फुटतंय, जरा मावशींच्या दुकानातून गोळी आणाल का?" आणि त्यांच्यामागून पैसे द्यायला म्हणून जिन्यापर्यंत गेले. तिथे त्यांचा दंड धरला आणि सगळं सांगून टाकलं. ती मैत्रीण म्हणजे माझी धाकटी बहीण. हा तिचा नवरा. हिरवं दार तिचं. मावशींना सांगा, त्याला दार सापडलंच आहे, आता फोनला भिऊ नका, लॉन्ड्रीत फोन करा, त्यांच्याकडे नंबर आहे. मला वाटलं बाई किंचाळतील. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पायातल्या चपला हातात घेतल्या आणि जिना उतरल्या, आवाज नको म्हणून. त्या बाईला मी आजवर बडबडी म्हणत आले.

मी आत आले आणि शिकवायला लागले. काय शिकवलं देव जाणे. 'डम' घेतली बहुतेक. डोम म्हणजे न्याय, निवाडा; फ्रीडम, किंगडम. खडू फळ्यावर ठरत नव्हता म्हणून तोंडी बोलत राहिले. शिंपीणबाई परत आल्या. मला गोळी दिली, पाणी दिलं, आणि जागेवर जाताना वाकून टॅक्सीवाल्याच्या कानात काहीतरी बोलल्या. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो उठला, आळोखेपिळोखे दिले, "बाई, इथे फार उकडतंय, मी जरा वाऱ्याला बसतो," असं म्हणून आपली खुर्ची उचलली आणि दारात, अगदी उंबऱ्यात नेऊन ठेवली. आणि बसला. तो केवढा आहे हे तुला माहीत नाही. दार दिसेना.

सात वाजले. तुझा नवरा पिशवी उचलून उठला. "येतो बाई." मी म्हटलं, "बसा ना, उजळणी राहिलीय." टॅक्सीवाला म्हणाला, "बसा हो साहेब, तुमचं इंग्रजी ऐकायचंय." शिंपीणबाई म्हणाल्या, "माझं 'नेस'चं वाक्य ऐकून जा." मग ती परिचारिका होऊ घातलेली मुलगी, जी वर्षभर कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "माझंही." कुणी तिला सांगितलं होतं? कुणीच नाही. तिने आमची तोंडं बघितली असतील.

आणि तो बसला! बारके, तो बसला. टॅक्सीवाल्याला ढकलून जाता आलं असतं. ओरडता आलं असतं. पण इतके दिवस ज्या शहाण्या, गोड माणसाचा अंगरखा घालून तो बसला होता, तो त्याला चारचौघांत फाडता येईना. शिंपीणबाईंनी वाक्य केलं ते संपेचना. काइंडनेस, डार्कनेस, सिकनेस, एकात एक गुंतवून, चुकून, परत पहिल्यापासून. मी प्रत्येक चूक दुरुस्त केली, सावकाश, जन्मात कधी केली नसेल इतकी सावकाश. टॅक्सीवाला मधेच विचारी, "बाई, हे मूळ कुठलं?" मी मूळ सांगे. तो म्हणे, "पुन्हा सांगा." त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तुझ्या नवऱ्याने एकदा घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मी त्याचं खरं तोंड पहिल्यांदाच पाहिलं. तू ते रोज बघत होतीस.

बस गेली. टॅक्सीवाल्याने दारात बसल्या बसल्या मोबाइलवरून स्टँडवर सगळ्यांना कळवून ठेवलं होतं, ह्या माणसाला कुणी भाड्याने नेऊ नका. आठ वाजून गेल्यावर त्याने आपली खुर्ची बाजूला केली. तुझ्या नवऱ्याने बूट घातले, नाडी बांधली, मला म्हणाला, "छान झाला वर्ग." आणि गेला. मी तिथेच जमिनीवर बसले. शिंपीणबाईंनी मला धरलं. दोघी लहान मुलींसारख्या रडलो.

मावशी आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "निघाली." मागाहून कळलं, तू जिन्यात बसून राहिली होतीस, नाही जात म्हणून. आणि लॉन्ड्रीवाल्या बाईंनी तुझा कप टॉवेलात गुंडाळून तुझ्या पिशवीत कोंबला आणि म्हणाल्या, "हा घे, आता चल." त्या बाईंचे पाय धरायला हवेत मला.

कुठे गेलीस ते मावशींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ताई


३० नोव्हेंबर, दुपारी

बारके,

हे माझं शेवटचं पत्र. रागावू नकोस, वाच.

दर गुरुवारी मावशींच्या खोक्यातून तुझा कोरा कागद येतो. ठरल्याप्रमाणे. त्यावर काही लिहायचं नाही, कागद आला म्हणजे तू आहेस. आजचा कागद आला आणि मला राहवलं नाही. मी तो नाकाला लावला. साबणाचा वास येतो का, समुद्राचा येतो का, उजेडात धरला, घडीत एखादा धुळीचा कण आहे का बघितलं. थोडा वेळ तसं बघत बसले आणि मग लक्षात आलं. मी नेमकं त्याच्यासारखं बघत होते. मला जे सापडेल ते त्यालाही सापडेल. कागद शेगडीवर धरून जाळला. पुढचा येईल तोही बघून लगेच जाळेन. तू कुठे आहेस, कशी आहेस, तुझ्या खिडकीतून काय दिसतं, हे मला यापुढे कळणार नाही, आणि कळू द्यायचं नाही. हे लिहावंसं वाटत नाही गं. पण लिहिते.

आता दुसरी गोष्ट. ऐकून ओरडू नकोस. तो वर्गाला येतो.

त्या बुधवारनंतर पंधरवडाभर आला नाही. टॅक्सीवाल्याने बातमी आणली, तुझ्या जुन्या गावात जाऊन आला, हिरवं दार ठोठावून आला, लॉन्ड्रीवाल्या बाईंनी त्याला कपड्यांची पावती मागितली. चौकीवर आम्ही सगळेच जाऊन आलो. ह्या वेळी त्यांनी लिहून घेतलं, चहा बाजूला ठेवून. पण इंग्रजी शिकणं अजूनही गुन्हा नाही. आणि एका सोमवारी सहाला पाच मिनिटं असताना दारात बूट दिसले. जोडीने, भिंतीला लावलेले.

त्याला वाटतं, मी पुन्हा चुकेन. बरोबर वाटतं त्याला. मी चुकणारीच बाई आहे. म्हणून मी त्याला चुका करून देते.

बाबांचा नियम मोडला मी. आठवड्यातून एखादं वाक्य घालते, "माझ्या मैत्रिणीने पाहिलेलं." आता बर्फाचे डोंगर नाहीत. खोटं बोलायला शिकले आहे. एकदा फक्त ओल्या दगडी पायऱ्या, स्लिपरीनेस. मग दोन वर्गांत काहीच नाही. मग गच्चीतली कबुतरं, होमवर्ड वळणारी. लिहिते आणि लगेच, चुकून लिहिल्यासारखी, बाहीने पुसते. तो मान वर करून बघतो. कुठेतरी जाऊन येतो, एखादा वर्ग बुडवतो, परत येतो. असल्या पायऱ्या, असली कबुतरं जगात जिथे तिथे आहेत. मी कुठलीच पाहिलेली नाहीत.

टॅक्सीवाल्याची खुर्ची आता दारातच असते. शिंपीणबाई सुई टोचावी तशा तुझ्या नवऱ्याकडे बघतात. ती मुलगी येताना मला विचारते, "बाई, जेवलात?" आणि मला भीती वाटते, बारके. सहा वाजत आले की दर वेळी खडू घामाने ओला होतो. फिअरलेस कुणी नसतं, शिंपीणबाई बरोबर म्हणाल्या होत्या.

पुढच्या महिन्यात शेपट्या संपतील. मग शब्दांच्या पुढे काय चिकटतं ते घेईन. मग क्रियापदं, मग काळ, मग पत्रलेखन, अर्ज, निबंध. इंग्रजी फार मोठी भाषा आहे. मी त्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवीन, चुकला तर पुन्हा शिकवीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा ते सात, तू दार उघडं टाकून बाहेर जा. झाडं असतील तर झाडांखालून चाल. त्या वेळी तो माझ्यासमोर बसलेला असतो.

ताई